चाचणीचं दार

मी बनवलेलं कुलूप बाबांना उघडता येत नाही, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. चावी हरवलेला माणूस आधीच घायकुतीला आलेला असतो, त्याला माझ्या कौतुकाशी काय देणंघेणं! तरी मी सांगायचेच. बाबा कानशीने चावी घासता घासता हसायचे आणि म्हणायचे, "खिट्टी, तुझं कुलूप उघडल्याशिवाय मी काही मरत नाही. आता तूच ठरव, मला किती जगवायचं ते." खिट्टी म्हणजे मी. लहानपणी रुसले की दाराला आतून खिट्टी लावून बसायचे, तेव्हापासून चिकटलेलं नाव. पस्तिशी उलटली तरी ते सुटलं नाही. रुसणंही सुटलं नाही म्हणा.

आमचं घर सरळ एका रांगेत होतं. पुढे रस्त्याकडे शटर आणि दुकान, मागे मधली खोली, त्यामागे स्वयंपाकघर आणि मग मागच्या गल्लीत उघडणारं दार. दुकान आणि मधल्या खोलीच्या मध्ये होतं ते आमचं चाचणीचं दार. कुठलंही नवीन कुलूप आधी त्या दारावर बसायचं. त्याला इतकी भोकं पडली होती की ते दार कमी आणि चाळण जास्त होतं. बाबा दुकानाच्या बाजूने कुलूप उघडायचे, दोनदा टकटक करायचे आणि थांबायचे. मधल्या खोलीत आई काहीतरी निवडत, शिवत बसलेली असायची. ती मान वर न करता म्हणायची, "लावा." बाबा दार ओढून कुलूप लावायचे, एकदा खेचून बघायचे, पुन्हा उघडायचे. टकटक. "लावा." असं कितीतरी वेळ चालायचं. आईला कंटाळा आला किंवा चहा झाला की ती म्हणायची, "या." मग त्या दिवसाचं काम संपलं.

आईने "या" म्हटल्याशिवाय हा माणूस स्वतःच्याच घराचा उंबरा ओलांडायचा नाही. मी त्यावरून त्यांना खूप छळायचे. ते म्हणायचे, "आपल्या धंद्यात तेवढीच एक इज्जत असते गं. परक्याचं दार आपण उघडतो. उघडलं की टकटक करायची, बाजूला व्हायचं, मान वळवायची. आत बघायचं नाही. मालक या म्हणाला तरच पाऊल टाकायचं."

आत बघायचं नाही, त्यानेच घात केला.

शहराच्या टोकाला प्रदर्शनांचं मोठं सभागृह आहे. तिथे हवा खेळवणाऱ्या यंत्रांच्या खोलीचं कुलूप अडकलंय म्हणून एक माणूस बाबांना घेऊन गेला होता. गळ्यात ओळखपत्र, बोलणं मऊ. बाबांनी कुलूप उघडलं, आत कुणी नाही हे माहीत असूनही टकटक केली आणि पाठ करून उभे राहिले. त्या माणसाने निळ्या पेट्या आत नेल्या. नंतर त्याने बाबांना चहा पाजला, आणि चहा चांगला होता असं बाबा घरी येऊन म्हणालेही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ऐन प्रदर्शनाच्या गर्दीत माणसं खोकायला लागली, मग पडायला लागली, आणि मग पडलेली उठायला लागली. उठलेल्यांनी शेजारच्यांना चावायला सुरुवात केली. कुठल्याशा गटाने हे आपणच केलं म्हणून जाहीर केलं. त्यांनी प्रयोगशाळेत रोग वाढवला होता आणि तो हवेत सोडला होता, आणि हे सांगताना त्यांच्या बोलण्यात चक्क अभिमान होता. टीव्हीवाले त्या उठलेल्या माणसांना झॉम्बी म्हणायचे, सरकार बाधित म्हणायचं. आमच्या रस्त्यावर त्यांना रिकामे म्हणायला लागले, कारण डोळ्यांत बघितलं की आतलं बिऱ्हाड उठून गेल्यासारखं वाटायचं.

बाबांनी टीव्हीवर ते दार ओळखलं. तडक उठून पोलिसांकडे गेले. पेट्या कसल्या होत्या, आत आणखी कोण होतं, त्याने यंत्राला काय जोडलं, सगळ्याला बाबांचं एकच उत्तर: मी बघितलं नाही. घरी आले ते जेवले नाहीत.

"खिट्टी, एकदा मान वळवली असती तर काय बिघडलं असतं?"

"तुम्हाला बघून काय कळणार होतं?" मी म्हटलं. ते खरंच होतं, पण खरं ऐकून माणसाला बरं वाटतंच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साखळ्या आणि मोठी कुलपं घेऊन सभागृहाकडे गेले. बाजूची दारं कुणी बंदच केली नव्हती, तिथून रिकामे बाहेर सांडत होते. आपण उघडलेलं आपण बंद करायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. आणि केलंही त्यांनी ते, एकेक दार ओढून, एकेक साखळी घालून. शेवटच्या दाराच्या फटीतून आधी एक हात आला, मग तोंड आलं, आणि बाबांच्या मनगटाचा लचका घेऊन गेलं.

ते चालत घरी आले, दुकानातल्या स्टुलावर बसले, आतून शटरला कुलूप लावलं आणि मला म्हणाले, "चाचणीच्या दाराला तुझं कुलूप बसव. मला उघडता येत नाही ते." स्क्रू माझ्या हातून पुन्हा पुन्हा खाली पडत होते. आई दाराच्या अलीकडून विचारत होती, "अहो, दुखतंय का?" आणि ते पलीकडून म्हणत होते, "नाही गं." ते त्यांचं शेवटचं शहाण्यासारखं बोलणं. संध्याकाळपर्यंत पलीकडून नुसतं घुरघुरणं ऐकू यायला लागलं.

आईने आपली खुर्ची त्या दाराला लावली आणि तिथून हलेनाशी झाली. ती त्यांच्याशी बोलायची. आज भाजी बेचव झाली, खिट्टी नीट झोपत नाही, असलं काहीबाही. रेडिओवर सांगत होते की औषध तयार होतंय, आणि बंद घरात सुरक्षित असलेल्या बाधितांना ते आधी मिळेल. सरकारी पथकाची माणसं बंद घरांवर पिवळा पट्टा मारत होती आणि उघड्या घरांवर लाल. लाल पट्ट्याचं घर आतल्या सगळ्यांसकट जाळत होते. माझा त्या औषधावर काडीचा विश्वास नव्हता. आईचा सगळा जीव मात्र त्या पिवळ्या पट्ट्यात अडकला होता. "दार बंद आहे ना? शटर बंद आहे ना? मग झालं तर," असं ती दिवसभर स्वतःलाच समजावायची.

मला तिला तिथून बाहेर काढायचं होतं. आमची गल्ली रिकामी करायचा दिवस ठरला होता. दुपारी मागच्या बाजूला ट्रक येणार होता. घाबरून कुणी पळत सुटू नये म्हणून पथकाने मागच्या दारांना बाहेरून लोखंडी आडणे घातले होते, आणि ट्रक आल्यावर पथकाचीच माणसं घरोघर येऊन ते काढणार होती. आईचं एकच पालुपद चालू होतं, "ते आत असताना मी कुठे जाऊ?"

"आई, ते राहिलेले नाहीत. नुसते हात चालतायत."

कारण हात चालत होते. पलीकडून कानशीचा आवाज यायचा. खर्र, खर्र, मग थांबायचा, फुंकर मारल्यासारखं काहीतरी, पुन्हा खर्र. रिकाम्यांना दार उघडता येत नाही, ते ढकलतात, धडका देतात, पण कडी आणि चावी विसरतात, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर सगळं शहर दारामागे बसलं होतं. मीही बसले होते. ती कानस काय घासतेय याचा विचार मी मुद्दाम करत नव्हते.

"नुसते हात म्हणजे?" आई माझ्यावर उखडली. "आयुष्यभर त्यांनी दुसरं काय चालवलं? जीभ तर तू चालवतेस!"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. शेवटी मी तिला खोटंच सांगितलं, की शिबिरात गेल्यावर औषधाच्या यादीत नाव आपणच घालायचं आहे, इथे बसून कुणी विचारणार नाही. तेव्हा कुठे ती तयार झाली. म्हणाली, "मग त्यांचे दोन शर्ट घेते. बरं वाटल्यावर घालायला लागतील."

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात पिशवी भरत होते. आई मधल्या खोलीत शर्टांच्या घड्या घालत होती. गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा आवाज आला आणि मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात पुढून शटर वर जाण्याचा आवाज आला.

रोज सकाळी यायचा तसाच, घाई नसलेला. चावी तिथेच खिळ्याला होती. बाबांनी रोजच्यासारखं दुकान उघडलं होतं. रस्त्यावर दिवसभर रिकामे भटकत असायचे. आवाज झाला की आवाजाकडे वळायचे, वाट मिळाली की आत शिरायचे.

मग चाचणीच्या दारातून बारीक, धातूचा आवाज यायला लागला. ते कुलूप मी केलेलं, त्याचा प्रत्येक खटका माझ्या कानाला पाठ आहे. पहिला उचलला गेला. दुसरा. तिसऱ्यावर सगळेच फसतात, बाबाही तिथेच फसायचे. तो उचलला गेला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला. जमलं बुवा यांना, असं मनात आलं आणि मी खांब होऊन उभी राहिले. शेवटचा खटका पडला. दार किंचित हललं.

टक, टक.

आणि आई, शर्टाची बाही दुमडता दुमडता, मान वर न करता म्हणाली, "या."

बोलून गेल्यावर तिला कळलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. पण शब्द गेला होता आणि दार उघडलं होतं. बाबा उंबरा ओलांडून आत आले. अंगात कामाचा डगला, हातात स्वतः घासलेली वाकडी तार, मनगट काळं पडलेलं. त्यांच्यामागे चाचणीच्या दारातून समोरचा इस्त्रीवाला येत होता, त्याच्यामागे कोपऱ्यावरची औषधांच्या दुकानातली बाई, तिच्यामागे आणखी कोणकोण. दुकानात गर्दी असली की जशी रांग लागायची तशी ती लागली होती.

मी आईचा दंड धरून तिला खेचलं. तिने शर्ट काही सोडला नाही. स्वयंपाकघराचं दार ओढून कुलूप लावलं. ते बाजारातलं स्वस्तातलं कुलूप. कुलूपवाल्यांच्या घरात असलं कुलूप म्हणून हसू नका. स्वयंपाकघराला कोण कुलूप लावतं? दार मधल्या खोलीकडे उघडणारं, त्यामुळे टेबल लावूनही उपयोग नव्हता. मी चावी भोकात ठेवून अर्धी फिरवली, म्हणजे पलीकडून तार चालणार नाही. ही युक्ती मला बाबांनी शिकवलेली. चावी हळूच सरळ झाली आणि माझ्या पायाशी पडली. त्यावरचा उपायही त्यांचाच होता.

मी मागच्या दारावर मुठी आपटायला लागले. "इकडे या! आधी इकडे या! घरात शिरलेत!" बाहेरून कुणीतरी ओरडलं, "आलो, आलो! दम धरा!" आडणे काढण्याचा आवाज येत होता, पण शेजारच्या घराचा.

मी वळले तेव्हा स्वयंपाकघराचं दार हातभर उघडलं होतं.

टक, टक.

बाबा चौकटीत उभे होते. चौकट अरुंद, आणि बाबा अंगाने भरलेले, त्यामुळे त्यांच्या मागच्यांना वाट नव्हती. मागून ढकलाढकल चालली होती. त्यांच्या काखेखालून एक हात आत आला होता आणि हवेत चाचपडत होता. मी त्या हाताकडेच बघत होते. मग माझं बाबांकडे लक्ष गेलं. त्यांचं पाऊल उंबऱ्याच्या पलीकडे होतं आणि मान एका बाजूला, भिंतीकडे वळवलेली होती. आत बघायचं नाही.

ते उत्तराची वाट बघत होते.

मी आईच्या तोंडावर हात दाबून धरला होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझी बोटं एकेक करून सोडवली. मी तिला अडवायला हवं होतं, पण मला जमलं नाही. तिला काय म्हणायचंय ते मला दिसत होतं. इतके दिवस ती दाराला लागून त्याचसाठी बसली होती. तिने "या" म्हटलं असतं तर मी काहीच करू शकले नसते, आणि त्या घडीला मला वाटतं मी काही केलंही नसतं. मी पण त्यांचीच मुलगी, मलाही ते घरात हवेच होते.

आई म्हणाली, "लावा."

आवाज अगदी नेहमीचा. जरा कंटाळलेला, जरा लाडातला.

बाबांनी दार लोटलं. तो चाचपडणारा हात फटीत सापडला. बाबांनी थांबून, दारात काही अडकलं की ते करायचे तसं, तो बाजूला सारला. मग दार बसलं. तारेने कुलूप फिरलं. आणि त्यांनी ते एकदा खेचून बघितलं.

आई भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्याजवळ बसले आणि तिला घट्ट धरलं. पलीकडे धडका सुरू झाल्या होत्या, पण त्या दारावर नव्हत्या; दाराला कुणीतरी पाठ लावून उभं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"आई, शटर उघडंय."

उघडं घर म्हणजे लाल पट्टा. आईने डोळे पुसले, गुडघ्यांवर उभी राहिली, दाराला तोंड लावलं आणि रोज दिवेलागणीला द्यायची तशी हाक दिली, "अहो, शटर ओढून घ्या आणि..."

तिथेच थांबली. ते वाक्य मी जन्मापासून ऐकत आले आहे. शटर ओढून घ्या आणि या. पुढचा शब्द बाहेर पडू नये म्हणून आईने हातातला शर्ट तोंडात कोंबला आणि डोळे मिटून घेतले.

आधी काहीच झालं नाही. मग दारावरचं वजन हललं. पावलं घासत दूर गेली, चाचणीच्या दाराची ती ओळखीची कुरकुर झाली, आणि शटर खडखडत खाली आलं. जमिनीला टेकलं. मग कुलपाची खट्ट.

मागचं दार उघडलं तेव्हा समोर पथकातली एक बाई उभी होती. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर मास्क, खांद्याला बंदूक, हातात रंगाचे दोन डबे. घामाने निथळत होती बिचारी.

"आत कोण आहे?"

"माझे बाबा," मी म्हटलं. "आणि काही शेजारी."

"शटर उघडं असल्याचं पुढच्या रस्त्यावरच्या आमच्या माणसाने कळवलंय."

"बंद आहे," आई म्हणाली.

बाई खांद्यावरच्या यंत्रात काही बोलली. तिकडून खरखरत उत्तर आलं, "बंद आहे. आत्ता बंद झालं माझ्यासमोर. आतून."

"आतून कुणी केलं?" तिने आम्हाला विचारलं.

"रोज तेच करतात," आई म्हणाली.

बाईने एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. वाकून डबा उघडला, पिवळा. तिने ब्रश दाराला लावला तेवढ्यात आतल्या दारावर आवाज झाला.

टक, टक.

बाईने झटक्यात बंदूक काढली. आईने तिच्या हातावर हात ठेवला. "घाबरू नका. ते आत यायचे नाहीत."

ती स्वयंपाकघर ओलांडून त्या दारापाशी गेली. चुरगळलेला शर्ट तिने झटकला, हाताने सरळ केला, दाराच्या मुठीला अडकवला. मग दारावर तळवा ठेवून म्हणाली, "येते हो मी."

आम्ही बाहेर पडलो आणि बाईने आडणा पुन्हा घातला.

ट्रकमध्ये आम्हाला मागच्या टोकाला जागा मिळाली. घर दिसेनासं होईपर्यंत आई पिवळ्या पट्ट्याकडे बघत होती. मी विचार करत होते की ती सवय होती की ते बाबा होते, आणि समजा नुसती सवयच असली तरी त्या सवयीत आमच्यासाठी जेवढी माया होती तेवढी मी धडधाकट माणसांत तरी कितीशी बघितली आहे. डोकं फुटायची वेळ आली तेव्हा मी तो विचार सोडून दिला.

बऱ्याच वेळाने आईने मला कोपराने ढोसलं.

"तुझं कुलूप उघडलं ना गं त्यांनी?"

"हो."

"तिसऱ्या खटक्यावर अडले नाहीत?"

"नाही. एका दमात उघडलं."

तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. तुझं कुलूप उघडल्याशिवाय मी मरत नाही. मी मान खाली घालून बसले.

"मग असं कर," आई म्हणाली, "पोचल्या पोचल्या दुसरं करायला घे. याहून अवघड."

हत्यारं सगळी मागे दुकानात राहिली होती. मी खिसे चाचपले. एका खिशात स्वयंपाकघराची चावी होती, पायाशी पडलेली, कधी उचलली ते आठवत नव्हतं. ती तळहातावर घेऊन मी तिचे दाते बघायला लागले.